तीन आठवडे

लायसन्सला अजून नव्या प्लास्टिकचा वास येत होता
तेव्हा मी पहिला फोन लावला, लिंकनला.
"अनुभव?"
"तीन आठवडे. ट्रकच्या शाळेतले."
पलीकडे कुणीतरी सफरचंद खात होतं.
चावणं थांबलं नाही.
"दोन वर्षं झाली की करा फोन."

ही दोन वर्षं कुठे मिळतात
ते मात्र कुणी सांगत नाही.
लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही,
वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही,
आणि मी सत्तेचाळिशीची,
दोन्हींतून एकदा जाऊन आलेली.

बियाणे कंपनीच्या कॅलेंडरमागे यादी केली.
ओमाहा, काट. ग्रँड आयलंड, काट.
सू सिटीच्या माणसाने विचारलं,
तुम्ही महिनाभर बाहेर, मग घरी कोण?
मी म्हटलं, तुमच्या बाकी ड्रायव्हरांच्या घरी कोण असतं?
काट. ती मीच मारली.

बारावा फोन सलायनाचा.
"श्वास चालू आहे ना? मग या सोमवारी."
आमचा मास्तर ऑर्व्हिल सांगायचा,
जे कुणालाही घेतात
त्यांच्याकडे कुणी टिकत का नाही, ते आधी विचारा.
मी विचारलं नाही.
फीचं कर्ज होतं. आणि दाराआड खुंटीला
शाळेच्या भोजनगृहाचा एप्रन, इस्त्री केलेला,
बोलावतील परत म्हणून.

बसने गेले. मोटेलच्या खोलीत दोघी:
मी आणि ट्विला बिगे, शिपरॉकची,
माझ्या मुलीच्या वयाची.
तपासणीला केसांची बट कापून घेतात.
माझी घेतली, मी हसले.
तिच्या केसांना कात्री लागली
तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती.
बुधवारी सकाळी तिचा पलंग आवरलेला,
उशीवर एक सुरकुती नाही.
शुक्रवारपर्यंत आम्ही एकोणिसाचे अकरा.

मग हर्शल फॉन्टनो.
अठ्ठावीस दिवस एका केबिनमध्ये,
पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे त्याचं घोरणं.
कॉफीत मीठ घालायचा. का ते विचारलं तर
म्हणायचा, आरशात बघ.
रॉलिन्सच्या अलीकडे वाऱ्याने रिकामा ट्रेलर
कुशीवर वळणाऱ्या जनावरासारखा हलवला,
माझ्या तोंडातून लहानपणीची प्रार्थना निघाली, तीही अर्धीच.
तो म्हणाला, आरशात बघ.

ऑग्डेन. गोठवलेल्या बटाट्यांचं गोदाम.
सदतीस नंबरचं दार.
मागून ट्रेलर उजवीकडे हवा तर चाक डावीकडे,
हे डोक्याला कळून उपयोग नाही,
हाताला कळावं लागतं,
आणि माझे हात अजून विचारात होते.
चार वेळा पुढे-मागे.
पाचव्यांदा ट्रेलर कोपरासारखा दुमडला.
शेजारच्या केबिनमधले दोघे
चिप्स खात बघत होते, निवांत,
मॅच असल्यासारखे.
हर्शल झोपलेला. किंवा सोंग.

ब्रेक ओढला. उतरले. बर्फातून मागे गेले,
दार ते ट्रेलर पावलांनी मोजलं.
अकरा.
परत येताना मोजलं, साडेदहा.
सहाव्यांदाही नाही.
सातव्यांदा रबराला रबर टेकलं, हलकेच,
ताटावर ताट ठेवावं तसं.
आणि ताटं मी सोळा वर्षं ठेवली आहेत.

पडद्याआडून आवाज आला,
"कागद घेऊन पळ. साडेअकराला जेवायला जातात ते."

खिडकीतल्या पोराने मान वर केली नाही.
"ड्रायव्हरचं नाव?"
मी मागे वळून पाहिलं.
बर्फात माझीच पावलं, जाताना-येतानाची.
"व्हर्ना कुचेरा," मी म्हटलं.
त्याला ऐकू गेलं नाही.
मग एकेक अक्षर सुटं करून
पुन्हा सांगितलं.