रिकामा धोटा

पाचशे सीडी छापल्या आम्ही.
पैसे असे जमले: लावण्याच्या आईची भिशी,
मुश्ताकची विकलेली लूना,
रेवणसिद्धनं कुठून तरी आणलेले, आम्ही विचारलं नाही,
आणि माझा दिवाळीचा बोनस,
जो संक्रांतीला मिळाला.

बँडचं नाव धोटा.
अल्बमचं नाव 'चौथ्या दिवशी पाणी'.
आठ गाणी, एकोणचाळीस मिनिटं,
अक्कलकोट रोडला यन्नमशेठच्या शेडमध्ये
सुट्टीच्या वारी, बारा माग गप्प असताना.
वर पत्रा तापलेला,
गिटारच्या तारा दर अर्ध्या तासाला सैल.
टॉवेलांचे गठ्ठे रचून भिंती केल्या
म्हणून त्या रेकॉर्डिंगला खोली नाही,
घुमणं नाही,
लावण्या जीव तोडून ओरडते
आणि आवाज जाऊन कापसात बसतो.

मग लोकांनी ऐकलं.
ऐकलं म्हणजे
नवी पेठेतल्या दुकानदारानं दहा ठेवून घेतल्या,
'बँड' वाचून लग्नाच्या कप्प्यात लावल्या.
एकजण वरातीची सुपारी घेऊन आला.
आम्ही गेलो.
पैसे चांगले होते, घोडा बिथरला.

पेपरात आलं, आतल्या पानावर,
पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाच्या खाली:
तरुणांचा स्तुत्य उपक्रम.
फोटोत मी रेवणसिद्ध झालो होतो
आणि रेवणसिद्ध 'आदी मान्यवर'.
पुण्याच्या एका मासिकानं चार ओळी दिल्या:
ऊर्जा आहे, उच्चारांवर मेहनत हवी.
लावण्यानं त्या कापून आरशाला चिकटवल्या
आणि पुढच्या कार्यक्रमात
'काय करूलालास बे' एवढं ताणलं
की मुश्ताकला दोन आवर्तनं जास्त वाजवावी लागली.

तिची आई विड्या वळत ऐकत होती.
पान, तंबाखू, दोरा. पान, तंबाखू, दोरा.
पाचव्या गाण्याला म्हणाली, ई गोडव एंदिरा,
पण हात थांबला नाही,
उलट त्या दिवशीची हजारी
अंधार पडायच्या आत भरली.

खपल्या एकसष्ट.
बाकीच्या हळूहळू शहरानं वापरल्या:
रिक्षांच्या मागे चमकायला,
दत्त नगरच्या गच्च्यांवर
वाळवणावरची कबुतरं हाकलायला.
कबुतरांवर परिणाम झाला,
हे मी स्वतः पाहिलं.

राहिले माझे वडील.
एकतीस वर्षं मागावर, कान तिथंच ठेवून आलेले.
ते ओठ वाचतात, तेही तेलुगू ओठ,
मराठीत बोललं तर
समोरचा काहीतरी चघळतोय असं बघतात.
त्यांना ऐकवायचं कुणाच्या मनात नव्हतं.
एका रविवारी त्यांनीच बोटानं खूण केली: आण.

पंखा बंद करायला लावला. मधे येतो म्हणाले.
स्पीकर मांडीवर घेतला, लहान मूल घ्यावं तसा,
दोन्ही तळवे जाळीवर, डोळे मिटलेले.
एकोणचाळीस मिनिटं घाम गळत होता,
पुसला नाही.
मध्ये एकदा अंगठा हलला,
मला वाटलं माशी.

संपल्यावर तीन बोटं दाखवली.
तिसऱ्यात, शेवटाकडं,
धोटा एकदा रिकामा गेला.

गेला होता.
पेडलवरून पाय घसरला होता माझा,
एक ठोका, बस, एकच,
वर गिटारचा एवढा धुरळा
की मुश्ताकला कळला नाही, मिक्सिंगवाल्याला नाही,
पुण्याला नाही, घोड्यालाही नाही.
मार्चपासून मी तो एकटा सांभाळत होतो.

आणि बाकीचं?
बाकीचं कसं झालंय, मी विचारलं,
तेलुगूत, ओठ नीट हलवून.
पण ते उठले होते,
माझ्याकडं पाठ करून
पंख्याचं बटण चाचपत होते.