पाच डाग

पुठ्ठ्यावर सकाळी पाच डाग.
काल चार होते.
व्हिटबीच्या या चढावर गाडी नाक वर करून उभी असते,
चौऱ्याहत्तर सालची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
शेजारचा विल्फ कुंपणावरून म्हणाला,
मागचं सील गेलं. इंजिन उतरव.
म्हटलं, बघू.

रविवारभर घासलं.
रॉकेल, जुना टूथब्रश, माझेच फाटके मोजे.
किटणाखालून ॲल्युमिनियम निघालं,
आणि खिळ्याने कोरलेलं एक नाव: मॉरीन.
मग बाळाची पावडर फुंकली सगळीकडे.
इंजिन असं दिसलं, जशी
पीठ चाळताना हाक आली म्हणून
तशीच दाराशी आलेली बाई.

दहा मिनिटं चालू ठेवलं.
टॉर्च दातांत धरून खाली सरपटले,
पाठीला गार फरशी,
आणि पांढऱ्यात बघत राहिले.
सील कोरडं. झाकणं कोरडी.
म्हणजे संन्याशालाच सुळी द्यायला निघालो होतो.
वर, हात पोचत नाही तिथे,
प्रेशर स्विचच्या मानेशी
एक बारीक ओली रेघ,
उताराने मागे मागे,
वाटेत भेटेल त्याचं तोंड माखत आलेली.

सहा पौंडांचा तुकडा.
चोवीसचा माझा पाना बसेना, विल्फचा बसला.
'सांगितलं होतं मी,' तो म्हणाला.
काही सांगितलं नव्हतं.

नवा पुठ्ठा टाकला.
आज त्यावर एकच डाग.
उरलंसुरलं असेल.
मी त्याच्याभोवती पेन्सिलने
गोल काढून ठेवलाय.