चाळीस अंश

शिडीवर असताना असले प्रश्न विचारू नयेत, लोइक.
आधी दोन्ही पाय टेक. कमरेचा दोर बघ.
हं. आता विचार.

पगार? बुलच्या बँकेत खिडकीमागे बसणाऱ्याला
याहून जास्त मिळतो. तुझी आई खोटं बोलत नाही.
गुडघे पंचेचाळिशीत बोलायला लागतात,
पन्नाशीनंतर वाद घालतात.
नोव्हेंबरात बोटांना भेगा पडतात, भेगांत राळ भरते,
मग रात्री पावालाही राळेचाच वास.
आणि हा बघ माझा दात, पुढचा.
खाच दिसते? खिळ्यांची.
एकोणचाळीस वर्षं खिळे ओठांत धरले,
जिभेनं फिरवून एकेक डोक्याकडून बाहेर काढला.
दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही शिवणकाम करता का?
म्हटलं, हो. घरांचं.

लाकूड निवडायला मात्र शिकशील.
हजार मीटरच्या वर, सावलीच्या अंगाला
सावकाश वाढलेला स्प्रूस,
ज्याला कुठे पोचायची घाई नव्हती.
तो हिवाळ्यात पाडायचा, वद्य पक्षात.
फिर्मँ म्हणायचा, चंद्र उतरता असला की
झाडातलं पाणीही उतरतं.
खरं की खोटं, मला ठाऊक नाही.
शुद्ध पक्षात पाडून बघायची छाती झाली नाही.

आणि करवत नाही. करवत शिरा तोडते,
तुटलेली शीर पाणी पिते.
सुरी टेकवायची, मोगरीचा एक ठोका,
लाकूड आपल्याच रेषेवर उकलतं.
नाही उकललं तर ते चुलीचं.

अशा प्रत्येक ढलपीचा एक भाग ऊनपाऊस बघतो,
दोन भाग वरच्या ओळींखाली, अंधारात.
लोकांना एकच दिसतो. बिल देताना तर
तोही दिसत नाही.

हे छप्पर मीच ठोकलं होतं.
हो, हेच, ज्याच्यावर तू पाय देऊन उभा आहेस.
एकोणीस वर्षांची होते. म्हाताऱ्या कोलियारनं खालून विचारलं,
पोरगी वर काय करणार?
फिर्मँनं खिळे तोंडातून न काढता म्हटलं,
छप्पर वर आहे, म्हणून ती वर आहे.

आमच्यात म्हणतात, छप्पर जितके अंश कलतं
तितकी वर्षं टिकतं.
हे चाळीस अंशांचं. गळायला लागलं एकोणचाळिसाव्या वर्षी.
एक वर्ष कुणाचं तरी देणं राहिलं होतं,
आणि मी धरूनच चालले होते की ते माझं.

सकाळी तू कुजलेल्या ओळी उपसत होतास ना,
वळचणीपासून सातवी, आठवी, नववी?
मी खिळे गोळा करत होते.
वाकडे. एकेका जागी दोन-दोन,
आणि सगळे उजवीकडे कललेले.
मी उजव्या हातानं ठोकते, माझा चुकलेला खिळा डावीकडे जातो.
डावखुरा फिर्मँ होता.

त्या उन्हाळ्यात तो मला दुपारी
दर तासाला खाली पाठवायचा.
दोर आण. पाणी आण. सूप झालं का बघून ये,
घाई करू नकोस, पोरी, गुरांकडे बघत ये.
मला वाटायचं, मी नको आहे त्याला वर.
पुढच्या वर्षी त्यानं हातोडी माझ्या हातात दिली
आणि म्हणाला, कंटाळा आला.
त्याचा हात थरथरायचा हे गावानं खूप नंतर पाहिलं,
कॉफीच्या पेल्यात.

माझ्या ओळी? त्या अजून घट्ट आहेत.
कटावणी घालून बघ, शिव्या देशील मला.

तर काम हे असं आहे.
आज ठोकलेलं तू साठीला येऊन उघडशील,
तेव्हा कोण कुठे चुकलं ते लाकूडच सांगेल,
मी सांगायला नसेन.
बँकेत बहुधा असं होत नाही.

आता खाली जा. सूप झालं का बघ.
ही ओळ मी संपवते.
घाई करू नकोस.