थुंकी

राज्याचं नाव सांगता येणार नाही, करारात तशी अट आहे.
अमेरिकेतलं, मक्याचं. एवढं चालेल.
राजधानीच्या गावात एकच उंच इमारत,
तिच्या घुमटाखालच्या गोल सज्जात
चाळीस माजी गव्हर्नर टांगलेले,
आणि मी शिडीवर बसून त्यांचे चेहरे थुंकीनं पुसते.

हसू नका. शास्त्र आहे ते.
काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा,
कपाळापासून सुरुवात करायची.
सिगारचा धूर, कोळशाच्या शेगड्या, शंभर हिवाळे
कापसावर पिवळट उतरतात
आणि खालून गाल उजळत येतो.
आई असंच करायची शाळेच्या फाटकाशी,
पदराचं टोक ओलं करून, माझी मान घट्ट धरून.

ह्यांची थुंकी झेलायला एके काळी
जिन्याच्या खालपर्यंत रांग असे म्हणतात.
असो.

तिसरा, लेम्युएल हॅस्केट. तीन कालवे कबूल केले, दीड खणला.
मिशीत ब्रशचा एक केस अडकलाय, खराखुरा.
मी तो राहू दिला.

अकरावा, एझ्रा थॉर्नक्विस्ट, नऊ दिवस गव्हर्नर होता.
आधीचा जेवता जेवता गेला,
नंतरचा आगगाडीसकट बर्फात अडकला.
नऊ दिवसांत ह्यानं एका पुलाचं बारसं केलं
आणि सर्दी धरली.
चित्र मात्र सगळ्यांत मोठं, सासऱ्यानं पैसे भरले.
दोन आठवडे गेले माझे, नुसत्या पडद्याच्या झालरीत.

सतराव्यानं, ऑग्डेन प्रुएटनं, मुदत संपल्यावर
गावी जाऊन बियाण्याचं दुकान टाकलं.
कुणी ‘गव्हर्नर’ म्हणून हाक मारली
की मूठभर बी वर घालायचा.
हे मला रखवालदार मार्विननं सांगितलं.
त्याचे आजोबा दर खेपेला दोनदा हाक मारत.

एक्केचाळिसावा तळघरात आहे, भिंतीकडे तोंड करून.
रस्त्यांच्या कंत्राटांची भानगड.
त्याला पुसायची तरतूद नाही.

आज एकोणिसावा होता. अ‍ॅम्ब्रोज व्हीलॉक.
डावा हात खुर्चीवर, उजवा कोटाच्या खिशात.
निळा दिवा धरला तर खिसा काळा पडला,
आणि काळ्याच्या आत दुसरा हात दिसला:
बोटांत टाक, टाकाखाली कागद,
टाक अजून टेकलेला नाही.

मार्विनला माहीत होतं.
खाणीतल्या संपातले दोघे भाऊ, दयेचा अर्ज,
अख्खी रात्र टेबलावर.
पहाटे व्हीलॉक झोपायला गेला. सही नाही.
चित्र त्याच वर्षी झालं होतं.
सहा वर्षांनी त्यानं चित्रकाराला परत बोलावलं.
पावती अजून फायलीत आहे, सुबक अक्षरात:
‘हात खिशात घालण्याबद्दल, साठ डॉलर.’

आपल्याकडे लोक हात वर करतात.

मला तो रंग काढता येतो. एका दुपारचं काम.
पण नियम असा की मळ माझा, रंग त्यांचा.
मालकानं स्वतः लपवलेलं उघडायचं नाही.
कापूस खिशाच्या शिवणीपाशी आला, मी थांबले.
वहीत लिहिलं: उजवा हात, नंतरचा रंग, सुस्थितीत.

मग बराच वेळ शिडीवर तशीच बसले.
खाली कुठल्याशा शाळेची मुलं आली होती,
एकीनं मान वर करून विचारलं,
ह्यातला चांगला कोण?
बाईंनी तिला रांगेत घेतलं.

त्या भावांची नावं मार्विनला येतात.
त्यानं सांगितली, मी दोनदा म्हणून बघितली.
चित्रं नाहीत त्यांची. पुसायला काही नाही.

तोंड कोरडं पडलं होतं.
उतरले, नळाचं गार पाणी प्यायले,
दिवा पेटीत ठेवला, काड्या मोजल्या.
उद्या विसावा.