रोज म्हणजे किती

संध्याकाळी मी रायबंदरच्या धक्क्यावर पोचते
आणि चोडणची फेरीबोट सुटते.
नेमकी. रोज. माझीच.
बावीस वर्षं हे सांगत आलेय
लेखा खात्यातल्या सगळ्या टेबलांना,
मासळीवाल्या रोझालिनला,
आणि नवऱ्याला, जो आता 'हूं'सुद्धा म्हणत नाही.

एकदा सुटलेल्या बोटीवरून
खलाशी इनास दोरखंड गुंडाळता गुंडाळता ओरडला,
"बाये, रोज म्हळ्यार कितले?"
चेष्टेनंच.
पण बोट गेलेली, त्यामुळे विचार करायला
माझ्याकडे वेळ होता.

वही घेतली. शंभरपानी, लाल पाठीची,
खात्यातून उचललेली नव्हे, पणजीच्या बाजारातून विकत.
दोन रकाने आखले: मिळाली. सुटली.

पहिल्याच आठवड्यात माझी मला ओळख पटली.
फळी उचलत होते, मी धावत चढले,
तो दिवस मला 'सुटली'त लिहायचा होता.
सुटलीच असती ना!
आणि ज्या मंगळवारी बोट उभी होती,
फळी टाकून, अर्धी रिकामी,
त्या मंगळवारी मी लिहायलाच विसरले.
विसरले म्हणजे?
पेन पर्समध्ये होतं. पर्स मांडीवर होती.

मग नियम केला, बोट दिसायच्या आधीच:
फळीवर पाय पडला तर मिळाली,
नाही पडला तर सुटली.
'जवळजवळ'ला रकाना नाही.

चवथ झाली. दिवाळी झाली.
खारफुटीच्या चिखलात लांब चोचींचे पाहुणे पक्षी उतरले.
एका रविवारी, सोलकढी पिऊन, बेरीज केली.
एकशे चार संध्याकाळी.
सुटल्या एकोणीस.

पुन्हा मोजल्या. दुसऱ्यांच्या चुका काढायचाच पगार घेते मी.
एकोणीसच.

राग आला, खरं सांगते, वहीचा.
बावीस वर्षं जपलेलं गाऱ्हाणं
सोनारानं कसोटीवर एकदा घासावं
आणि काही न बोलता
रुमालात गुंडाळून परत द्यावं, तसं झालं.

पंच्याऐंशी वेळा बोट माझ्यासाठी होती.
मी चढले, कठड्याला टेकले, भाजीचा हिशेब केला.
त्यातली एकही आठवत नाही.
एकोणीस मात्र डोळ्यांसमोर:
फळीची करकर,
मध्ये रुंदावत जाणारं मांडवीचं पाणी,
आणि चढलेल्यांच्या पाठी, पाठी, पाठी.

नवऱ्याला सांगितलं. त्यानं पेपर खाली केला.
"मग आता बोलणार काय तू?"

त्यावरून वृंदा आठवली. माझी जाऊ.
तिचा फोन येतो तो काही हवं असलं तरच,
हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.
सगळ्यांना, म्हणजे मला.
पान उलटलं. दोन रकाने आखले:
काही हवं होतं. नुसताच.
आणि पट्टी हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले.
बोटीचं बरं असतं.
आपलं चुकलं तरी
तिची माफी मागायला जावं लागत नाही.

आतापर्यंत चार फोन झाले. लिहिलेत.
कुठल्या रकान्यात किती, ते सांगत नाही.
चार म्हणजे किती? काहीच नाही.
अजून पानं आहेत.

आज मात्र बोट सुटली.
अगदी तोंडावर सुटली, पदर ओढून पुढे जावं तशी.
"नेमकी—" एवढं माझ्या ओठांवर आलंसुद्धा.
शेजारच्या बाईनं पिशवी खाली ठेवली,
मान वळवली,
तिचीही बहुधा रोजच सुटते.

"दुसरी येईल थोड्या वेळात," मी म्हटलं.

बिचारीची फार निराशा झाली.