धावपट्टीवर चटई

भोंगा वाजला की धावपट्टीवरून उठायचं.
एवढा एकच नियम आधी सांगते.
भोंगा म्हणजे विमान:
व्हॉलीबॉलची जाळी सुटते,
पोरं सायकली आडव्या टाकून कडेला बसतात
आणि अग्निशमनचा सेमिसी
त्या पिवळ्या कुत्र्याला हाकलत राहतो,
ज्याला अजून पटलेलं नाही.

तू वरून पाहिलं असशीलच –
निळ्यावर कुणी नख कापून टाकावं
तसा आमचा देश.
उतरल्यावर तो मोठा होतो, पण फार नाही.
एका हाताला निवांत पाणी, दुसऱ्या हाताला चिडलेलं,
मधे रस्ता, चर्च, बँक,
माझं हे चार खोल्यांचं घर
आणि अंगणात सासूबाईंची कबर.
तिच्यावर छप्पर आहे; पाऊस आला
तर कपडे तिथंच वाळत घालतो.
रिकामं बसणं तिला कधी आवडलं नाही.

पैसे रोख ठेव.
पाणी आभाळाचं. टाकीवर टिचकी मार:
भरीव वाजली तर आंघोळ,
पोकळ वाजली तर नुसतं तोंड धू.
संध्याकाळी माझा दीर इओसेफा माडावर चढतो,
त्या माडीला आम्ही कालेवे म्हणतो,
पहिला पेला पाहुण्याचा.
पुलाका मात्र रोज मिळणार नाही.
अळवाचा थोरला भाऊच तो, खोल खड्ड्यात वाढतो.
आमचे दोन खड्डे खारट झालेत.
तिसऱ्याजवळ आम्ही हळू बोलतो.

आता वहीत लिही.
नाव, देश, किती रात्री.
शेवटचा रकाना: येण्याचं कारण.
तुझ्याआधी अकरा जणांनी लिहिलंय
'बुडण्याआधी पाहायला'.
तू दुसरं काहीतरी शोध.
त्यातला एक फेब्रुवारीत आला होता, मोठ्या भरतीला,
जमिनीतूनच पाणी बुडबुडत वर येतं तेव्हा.
माझी वाइमेले पोटरीभर पाण्यात
कोंबड्या उचलून टेबलावर ठेवत होती.
तो कॅमेऱ्यामागून म्हणाला, जरा दुःखी बघ.
ती अशी हसत सुटली
की हातातली कोंबडी निसटली.
फोटो हलला. त्याला नको होता.
मी मागून घेतला. तो बघ, तुझ्या डोक्यामागे.

रात्री खोलीत उकडेल.
ही चटई घे, उशी घे, चल आमच्याबरोबर.
डांबर अजून कोमट असतं, वारा मोकळा,
आणि आज भोंगा नाही.
बाया पडल्या पडल्या बोलतात:
कुणाची सून रुसली, तांदळाचं जहाज कुठं अडलं,
ऑस्ट्रेलियाच्या सोडतीत कुणाचं नाव निघालं
आणि कुणी ते घरात अजून सांगितलेलं नाही.

माझंही निघालंय.
तुला सांगितलं, कारण तू गुरुवारी जाशील.

त्या कुत्र्याला जरा पलीकडे सरकव.
ती त्याची जागा आहे, पण ऐकतो तो.