एक नंबर

डॉक्टर म्हणाले, गूळ बंद. सफरचंद खा.
एकेचाळीस वर्षं शाहूपुरीत
ज्यानं गुळाची प्रत ठरवली
त्यानं हे ऐकल्यावर करायचं काय?
आलो राजारामपुरीत, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या
त्या थंडगार दुकानात.
भाव करायला माणूस नाही,
नुसत्या पाट्या.

सफरचंदं मांडलेली
शाळेच्या फोटोला उभं केल्यासारखी,
तोंडं धुऊन, तेल लावून, हलायचं नाही.
प्रत्येकाच्या गालावर टिकली: प्रीमियम.
पाटीवर काश्मीर, खोक्यावर हिमाचल,
टिकलीवर समुद्रापलीकडचं कुठलंसं गाव.
एका फळाची तीन जन्मगावं.

आमच्यात रवा फोडायचा,
खडा जिभेवर, डोळे मिटायचे.
खारट लागला तर रान क्षारपड,
फारच पिवळा असला
तर पोटात औषध आहे समजायचं.
कागद कुणी वाचत नव्हतं.

एक उचललं. नखानं रेघ ओढली,
नखात पांढरं मेण.
देठ वाळलेला.
बोटानं वाजवलं. बद्द.
मग टिकलीवर अंगठा ठेवला,
तिथंच मऊ लागलं.
सोलली. खाली तपकिरी डाग,
टिकलीएवढाच, अगदी मापात.
कुणीतरी मन लावून काम केलं होतं.

"आजोबा, ते काढायचं नसतंय ओ."
छातीवर नाव: निलोफर शिकलगार.
हातात टिकल्यांचं भेंडोळं,
अंगठ्याचं नख डिंकानं काळं झालेलं.
ती डागाकडं बघेना. माझ्याकडंही बघेना.

आवाज चढवणारच होतो,
तर अठ्ठ्याऐंशी सालचा सौदा आठवला.
जिनगोंडा अडत्या कानाशी:
"तात्या, ह्याला एक नंबर म्हण. गाडी रात्रीत भरायचीय."
म्हणालो. एक.
जिभेला ठाऊक होतं, तो दोनातसुद्धा बसत नाही.
आणि जीभ कडू झाली नाही त्या दिवशी.
गोडच होती, रात्री जेवेपर्यंत.
हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

टिकली परत बसवली.
अंगठ्यानं दाबून, सरळ.

निलोफरनं कॅमेऱ्याकडं पाठ केली,
खालच्या क्रेटमधनं एक काढलं.
बारकं, वाकडं, एका अंगानं हिरवट, बिनटिकलीचं.
"ह्याला कोण हात लावत नाही.
पण वास घ्या की."
घेतला.
मग बराच वेळ काहीच बोललो नाही.

काउंटरवरचं मशीन म्हणालं, नंबर नाही.
तिनं भेंडोळ्यातली एक काढून चिकटवली.
पैसे प्रीमियमचे गेले.

घरी सुरी न घेता चावलं,
उभ्या उभ्या, ओट्यापाशी.
टिकली काढायची राहिली होती.
दाताखाली आली.
कागदाला चव नसते.
तरी थोडा वेळ जिभेवर धरली,
डोळे मिटून,
सवयीनं.